तिला रांग नसते

१७ जानेवारी

धाकट्या,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते तुला मिळवावं लागेल. फोन तू उचलत नाहीस, मेसेज पाठवला तर तो माझ्याच हातात लोंबकळत राहतो, म्हणून पत्र लिहितेय. न वाचता फाडणार असशील तर फाड, पण आईची गोष्ट आहे एवढं लक्षात ठेव.

आई न्हाणीघरात पडली हे शेजारणीने तुला कळवलंच असेल. हाड मोडलं नाही, कपाळाला खोक पडली. सरपटत दारापर्यंत आली आणि शेजारणीला हाक मारली. मला फोन आला तेव्हा मी कामावर होते, एका म्हातारबुवांची कवळी घासून गुळगुळीत करत होते. ती तशीच टेबलावर ठेवून उठले. पुलाशी पोचायला मला काहीच वेळ लागला नाही. पूल ओलांडायला मात्र, मध्ये सरहद्द ना, सकाळची दुपार झाली. माझ्यापुढे एक गादीवाला होता, डोक्यावर नवीकोरी गादी. तपासनिसाने ती उसवायला लावली. सगळा कापूस बाहेर, मग सगळा कापूस आत, आणि मी मागे उभी राहून बघतेय. तिकडे माझ्या आईच्या डोक्याला टाके पडत होते.

मी पोचले तेव्हा ती डोक्याला पट्टी बांधून चहा पीत बसली होती. मला म्हणते, "अगं, इतक्या लांबून कशाला धावत आलीस?" इतक्या लांबून! तिच्या गच्चीवरून माझ्या घराची पाण्याची टाकी दिसते रे.

तेव्हा मला तुझं वाक्य आठवलं. बाबा गेल्यावर तू आईला तुझ्या शहरात न्यायला निघाला होतास, ती जायला तयार नव्हती, आणि मी मध्ये पडले की मी आहे ना, नदीच्या पलीकडे तर राहते. तू म्हणालास, "ताई, जवळ राहणं वेगळं आणि पोचणं वेगळं." मी तुला काय काय बोलले ते तुझ्या लक्षात असेलच. ताटावरून उठून विमानतळावर गेलास. दोन वर्षं होत आली. आईला दर रविवारी फोन करतोस, ताई तेवढी मेली तुला.

बरं, ऐक. सरकारने एक योजना काढलीय, विश्वासू प्रवासी योजना. ज्यांची वरचेवर ये-जा असते त्यांची एकदाच काय ती चौकशी करतात, बोटांचे ठसे घेतात, कार्ड देतात. मग रांग नाही, उसवाउसवी नाही. पुलावर बाजूला एक हिरवं दार आहे, त्यात कार्ड दाखवायचं, बोट ठेवायचं, की पलीकडे. मी अर्ज केलाय. तुझ्या नाकावर टिच्चून पोचून दाखवीन.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. येणार नव्हतंच, तरी पोस्टमन दिसला की मी कठड्याशी जाते. हे हसतात मला. म्हणतात, "मेहुण्याचं पत्र येईल त्या दिवशी मी पेढे नाही, आख्खं दुकान वाटीन." तुझ्या भावोजींची जीभ अजून तशीच आहे.

अर्जाचं घोडं पेंड खातंय. काल ठसे द्यायला बोलावलं होतं. खिडकीमागे एक बाई होती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. म्हणाली बोट ठेवा. ठेवलं. मशीनमध्ये तांबडा दिवा. दुसरं ठेवा. तांबडा. दहाच्या दहा बोटं झाली. तिने माझा हात धरून उलटासुलटा बघितला आणि म्हणाली, "बाई, तुमच्या बोटांवर काहीच नाही."

काही कसं नसेल? म्हणजे मी आहे ना तिथे उभी. पण खरंच, उजेडात धरून पाहिलं तर बोटं अगदी सपाट. एवढी वर्षं लोकांच्या कवळ्या घासतेय, चाकावर धरून चकाकी आणतेय, त्यात माझीच चकाकी होऊन गेली. शेकडो म्हातारी तोंडं माझ्या हातून हसती झाली आणि मला एक ठसा उमटवता येईना. खूप हसले मी आधी. मग बाहेर येऊन जिन्यावर बसले तर हसू कुठल्या कुठे गेलं.

चष्मेवाली मात्र भली निघाली. माझ्यामागून बाहेर आली आणि म्हणाली, "कातडी परत येते. पंधरवडाभर घासायचं काम करू नका, भांड्यांना हात लावू नका, रात्री तूप किंवा मलम चोपडून मोजे घाला. मग या." दवाखान्याच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, पंधरा दिवस लोकांनी काय हिरड्यांनी चावायचं? पण देतील रजा. बिनपगारी, तो भाग वेगळा.

तर आता मी राणीसारखी बसून आहे. हे भांडी घासतात आणि प्रत्येक भांड्याला एकेक शिवी देतात. माझ्या हाताला एवढा आराम जन्मात मिळाला नव्हता. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "लिंबाची साल चोळ बोटांना, सगळं बरं होतं लिंबाने." तिचं तुला माहीतच आहे. मागच्या अंगणातलं ते लिंबोणीचं झाड म्हणजे तिचा दवाखाना, तिचं किराणा दुकान आणि तिचं तिसरं मूल.

ताई


४ मार्च

धाकट्या,

मिळालं! कार्ड मिळालं. सरकारी शिक्का मारून मी विश्वासू झाले. तुला न पटो, सरकारला पटलं.

दुसऱ्या खेपेला आठ बोटं उठली, दोन नाहीत, आठ चालतात म्हणाले. मग एका साहेबापुढे मुलाखत. तरुण होता, तुझ्याहून लहान. विचारतो, वरचेवर पलीकडे कशाला जायचं असतं? म्हटलं, आई आहे. म्हणाला, ते झालं, पण कारण काय? मी म्हटलं, साहेब, आई हेच कारण आहे, याच्यापुढे मला काही सुचत नाही. त्याने मान खाली घालून काहीतरी लिहिलं.

मग त्याने नियम वाचून दाखवला, दोनदा वाचला. फळ, बी, रोप, माती, शिजलेलं, कच्चं, काहीही पिशवीत सापडता कामा नये. साध्या रांगेत सापडलं तर दंड भरून सुटका होते. हिरव्या दाराने जाणाऱ्याकडे सापडलं तर कार्ड जातं, आणि पुन्हा अर्ज करता येत नाही. "आम्ही तुमची पिशवी रोज उघडणार नाही," म्हणाला, "कारण आम्ही तुमच्यावर भरवसा टाकलाय. तो एकदाच टाकतो." मी म्हटलं, कळलं.

कार्ड हातात आलं त्याच संध्याकाळी कामावरून सुटले आणि थेट हिरव्या दाराने गेले. दिवा हिरवा! रांगेतले लोक बघत राहिले. एका बाईने तर हात जोडले, तिला वाटलं मी कोणी मोठी अधिकारी. आईने दार उघडलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं? कोण गेलं?" म्हटलं, कोणी गेलं नाही, मी आले. तिला खरंच वाटेना. हातातलं कार्ड घेऊन खिडकीशी गेली, माझा फोटो बघितला, म्हणाली, "चोरासारखी दिसतेस." आणि मग पदराने पुसून परत दिलं. रडली थोडी. मीही.

निघताना नेहमीचंच. चार लिंबं माझ्या पिशवीत. मी काढून ओट्यावर ठेवली, नियम सांगितला. तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिला माहेर तोडायला सांगितलं. म्हणाली, "लिंबू म्हणजे काय बॉम्ब आहे? माझ्या दारातून रिकामी पिशवी कधी बाहेर पडली नाही, आता पडणार?" म्हटलं, आता पडणार.

ताई


२१ एप्रिल

धाकट्या,

तुला हे मुद्दाम सांगते, जळायला. मी आता आईकडे एक दिवसाआड जाते. कामावरून सुटले की हिरवं दार, मग ती, मी आणि तिची मालिका. तिच्या पायांना तेल लावते. तिची वेणी घालते. डोक्यावरची खोक भरून आली, तिथे केस पांढरे आलेत. ती शेजारणीला सांगत असते, "माझ्या लेकीला रांग नसते." रस्त्यात भेटेल त्याला सांगते, भाजीवालीला, गॅसवाल्याला. मी पहिली आले होते वर्गात तेव्हाही एवढं सांगितलं नव्हतं तिने.

आणि लिंबं? पालथ्या घड्यावर पाणी. ती लपवते आणि मी शोधते, असा खेळ चाललाय. पहिल्यांदा पिशवीच्या तळाशी होती. मग डब्यात. मग माझ्या स्वेटरच्या बाहीत, बाहीचं तोंड मुडपून. मी दारात उभी राहून झडती घेते आणि ती कुठे तरी भलतीकडे बघत उभी. सापडलं की म्हणते, "कोणी ठेवलं बाई?" मला ओरडावंसं वाटतं आणि हसूही येतं. आठवतं ना, पहिल्यांदा नोकरीवर निघालास तेव्हा तुझ्या बुटात ठेवलं होतं? स्टेशनवर पाय घातलास आणि सगळा मोजा आंबट झाला.

ती खुशीत आहे रे. बाबा गेल्यापासून अशी पाहिली नव्हती. तू आईला घेऊन गेला असतास तर झाड इथे, ती तिथे. एवढं तरी कबूल कर.

रविवारी तू फोन करतोस तेव्हा ती माझ्याबद्दल बोलते का? तू काय म्हणतोस?

ताई


११ मे

धाकट्या,

हे तुलाच लिहितेय, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही.

परवा संध्याकाळी आईकडून निघाले. आभाळ भरून आलं होतं म्हणून सकाळी छत्री घेतली होती, ती दारामागे टेकवून ठेवलेली. निघताना पिशवी झाडली, डबा उघडला, बाह्या चाचपल्या. काही नव्हतं. मी म्हटलं, शहाणी झालीस हो आई. ती नुसती हसली.

हिरव्या दाराशी त्या दिवशी तपासणी होती. अधूनमधून असते, दहातल्या एकाला थांबवतात. मला थांबवलं. मी अगदी आरामात पिशवी टेबलावर उपडी केली. तपासनिसाने पिशवी बघितली, डबा बघितला, आणि मग छत्रीचा बंद सोडून ती झटकली. घडीतून एक लिंबू टेबलावर पडलं आणि गडगडत त्याच्या वहीला जाऊन लागलं. पिवळं, टपोरं. तिने छत्री उघडून, काड्यांमध्ये लिंबू बसवून, परत घड्या घालून बंद लावला होता. चुण्या अशा नीट की इस्त्री केल्यासारख्या.

"हे कोणी ठेवलं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, मीच ठेवलं, विसरले. आईचं नाव कुठल्या सरकारी कागदावर नको होतं मला. त्याने लिंबू उचलून डबीत घातलं, डबीवर चिकटपट्टी लावली आणि माझं कार्ड मागितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्या मुलाखतवाल्या साहेबाचे शब्द माझ्या कानात होते, त्यामुळे मी भांडलेसुद्धा नाही. मी भांडले नाही, यावरून समज.

यांना मी पिशवीत सापडलं एवढंच सांगितलं. छत्रीचं सांगितलं असतं तर हे दर पावसाळ्यात मला त्यावरून चिडवत राहिले असते आणि मला ते सोसलं नसतं. छत्रीचं आता मला माहीत, आईला माहीत आणि तुला.

आता नीट ऐक. आईला हे कळता कामा नये. आपल्या लिंबाने लेकीचं कार्ड गेलं हे तिला समजलं तर ती अन्न सोडील. बाबांच्या आजारात एकदा मीठ जास्त पडलं होतं तर तिने आठ दिवस स्वतःला कोसलं होतं, विसरलास का? मी अपील केलंय. होईल काहीतरी. तोवर रविवारी बोलशील तेव्हा चुकूनसुद्धा बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला. लहानपणी बाबांचं घड्याळ मी फोडलं होतं आणि तुला शपथ घातली होती. मार तू खाल्लास, पण तोंड उघडलं नाहीस. तेवढंच आता कर. मग हवं तर जन्मभर बोलू नकोस माझ्याशी.

आणि हो, तू म्हणशील, सांगितलं होतं ना. म्हण. एवढ्या लांबून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं.

ताई


२ जुलै

धाकट्या,

अपील फेटाळलं. दोन ओळींचं उत्तर. पुन्हा अर्ज करता येणार नाही.

आता मी आठवड्याच्या सुट्टीला तेवढी जाते. पहाटे रांगेत उभी राहते, जेवायच्या वेळेला पोचते. तिच्या गल्लीच्या तोंडाशी नळ आहे तिथे तोंड धुते, केस सारखे करते, आणि मग असं दार वाजवते की जणू आत्ताच घरून निघाले. पाय सुजून चपलेत मावत नाहीत. आई म्हणते, पाय का सुजले? मी म्हणते, वय झालं.

एकेकदा वाटतं, बोलून टाकावं. परवा अगदी तोंडाशी आलं होतं. पण तिनेच विषय काढला आणि तो भलताच. म्हणाली, "लोकांच्या लेकी रांगेत उभ्या राहून येतात. माझ्या लेकीला पाच मिनिटांची वाट, आणि ती आठवड्यातून एकदा." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मी म्हटलं, काम वाढलंय आई, सगळ्या गावाचे दात एकदम पडायला लागलेत. तिने मान डोलावली. मग संध्याकाळी मी निघायला लागले तर हात धरून म्हणाली, "बस की. तुला कुठे रांगेत उभं राहायचंय." परतीचं फाटक अंधार पडला की बंद होतं. मी बसले. मग पळत सुटले पुलाकडे. फाटक बंद व्हायला आलं होतं, पहारेकऱ्याने अर्धं लोटलेलं परत उघडलं म्हणून आत आले, नाहीतर पुलावरच झोपले असते.

आणि लिंबं ती आता ठेवत नाही. मी झडती घेते, पिशवी रिकामी. मी मुद्दाम विचारलं, काय ग, आज काही नाही? म्हणाली, "तुला नको असतं ना."

तू तिला काही बोलला नाहीस हे मला कळतंय, कारण तिला काही माहीत नाही. म्हणजे एकतर तू शपथ पाळतोयस, नाहीतर पत्रं न उघडता केरात टाकतोयस. मला त्यातलं दुसरंच खरं वाटतं. मग मी कोणाला लिहितेय देव जाणे.

ताई


३० ऑगस्ट

धाकट्या,

डॉक्टर म्हणतात हृदय मोठं झालंय, पाणी साठतंय. औषधं वाढवलीत. जिना चढू नका म्हणाले, म्हणजे गच्ची बंद. आता माझी पाण्याची टाकी तिला दिसत नाही.

मी मालकांकडे रजा मागितली. पलीकडेच जाऊन राहीन म्हटलं. पुढच्या महिनाअखेरीला देतो म्हणाले, हाताखाली कोणी तयार होऊ दे. नोकरी सोडावी तर यांचं पेन्शन अजून सुरू व्हायचंय. महिनाअखेर म्हणजे काही लांब नाही.

तू ये. भांडण बाजूला ठेव आणि ये. मी समोर नको असेन तर तू असशील तेवढे दिवस मी येणार नाही. खरंच नाही येणार.

ताई


२८ सप्टेंबर

प्रिय धाकट्या,

काल तुझ्यासमोर मला काही बोलता आलं नाही, तूही बोलला नाहीस. घरात माणसं होती. आता माझ्या घरी आलेय, टेबलाशी बसलेय, बोलते.

शेजारणीचा फोन आला तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. आईला श्वास घेता येत नव्हता, नळी लावली होती. शेजारीण म्हणाली, धाकट्यालाही फोन केलाय, तो मिळेल त्या विमानाने निघतोय. मी पुलाकडे धावले. रांगेचं फाटक बंद झालेलं. हिरवं दार मात्र रात्रभर उघडं असतं, तुला माहीत नसेल. आतला दिवा पेटलेला, रांगेत चिटपाखरू नाही. पहारेकऱ्याने मला ओळखलं. म्हणाला, "ताई, कार्ड?" मी म्हटलं, आई जातेय माझी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं रे. पण म्हणाला, बोट ठेवल्याशिवाय दार माझ्याही हातात नाही. तरी मी बोट ठेवलं. तांबडा दिवा लागला.

तिथूनच शेजारणीला फोन लावला, म्हटलं आईच्या कानाला लाव. आईचा आवाज अगदी लांबून. "आलीस का?" मी म्हटलं, सकाळी येते. "आत्ता का नाही?" आणि धाकट्या, तेव्हासुद्धा मी खरं बोलले नाही. म्हटलं, कामावर आहे, सकाळी पहिलं काम ते. तिला आता आणखी कशाला त्रास, असं वाटलं. मग शेजारणीने फोन घेतला.

पहाटे रांगेत पहिल्या दहांत होते. तरी पुढे दोन मोठी कुटुंबं, सामान, पोरं, एकेक गाठोडं सुटत होतं. आतल्या हॉलमध्ये फोन बंद ठेवावा लागतो. बाहेर पडून चालू केला तर तुझा फोन येऊन गेलेला. अडीच वर्षांनी तुझं नाव पडद्यावर दिसलं आणि मला कळलं.

देशाच्या दुसऱ्या टोकाहून तू पोचलास. मी समोरून नाही पोचले. तुझं ते वाक्य तू बोलून दाखवलं नाहीस, त्याबद्दल तुझे उपकार. पण दारात मी विचारलं, शेवटी काय म्हणाली, तर तू भिंतीकडे बघत सांगितलंस. आई सारखी माझं विचारत होती. तू म्हणालास, ताई येतेय, रांग मोठी असेल. आणि ती म्हणाली, "तिच्याकडे कार्ड आहे. तिला रांग नसते." मग तिने तोंड फिरवून घेतलं.

मला वाटलं, हे तू मला घाव घालायला सांगतोयस. तुला काय माहीत, असं मनात म्हटलं. पत्रं उघडली असतीस तर तिला सांगितलं असतंस, असं मनात म्हटलं. दोन दिवस मी त्या घरात वावरले, तिची भांडी पालथी घातली, चादरी धुतल्या, तुला वाढलं, आणि मनात तुला एवढं वाईट बोलत होते की आई असती तर तिने माझ्या तोंडावर मारलं असतं. निघताना तू ओसरीवर उभा होतास. नीट जा, एवढंच म्हणालास. मी मान हलवली. पिशवीची झडती घेतली नाही, घ्यायला कोण होतं आता.

पुलावर तीच रांग. टेबलापाशी पोचले तर तोच तपासनीस. त्याने पिशवी बघितली, मग छत्री घेतली. बंद सोडला आणि झटकली.

लिंबू पडलं.

चुण्या वेड्यावाकड्या होत्या, बंदही उलटा लावला होता. तुला कधी छत्रीची घडी नीट घालता आली नाही. मी टेबल धरून उभी राहिले. त्याने विचारलं, "हे कोणी ठेवलं?" मी म्हटलं, माझ्या भावाने. म्हणाला, दंड भरा. भरला. लिंबू मागितलं, तर नियम नाही म्हणाला, पिंपात टाकलं. मी पिंपात वाकून बघितलं, लोक बघत होते तरी. देठाला एक पान होतं.

छत्रीचं मी कोणाला सांगितलं नव्हतं, ते एका पत्रात होतं फक्त. म्हणजे तू वाचलंस. सगळी वाचलीस. माझे सुजलेले पाय वाचलेस, तांबडे दिवे वाचलेस. तिने तोंड फिरवलं तेव्हा तिच्या उशाशी बसून तुला सगळं माहीत होतं, आणि तू गप्प राहिलास, कारण मी शपथ घातली होती.

घड्याळाच्या वेळी मार खाल्लास, तसाच हाही खाल्लास. मला तुझा राग येत नाही. मी तरी कुठे बोलले, फोन कानाला असताना? पण भावा, जन्मात एक शपथ मोडायची होतीस, ती ही होती.

झाडाखाली पिकून पडलेली बरीच आहेत. गोळा कर, सडतील. मी येत्या सुट्टीला येते. पहाटे रांगेत उभी राहीन, जेवायच्या वेळेला पोचेन. तोवर जाऊ नकोस.

तुझी ताई